टबाच्या कडेचा सांधा आणि कोणी न वाचलेली सूचना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न्हाणीघरातील टब जिथे भिंतीला टेकतो, तिथल्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीविषयी वृत्तपत्राला पत्र लिहावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. परंतु त्या फटीने दीड वर्षात आमच्या दिवाणखान्याच्या छताचे दोनदा पोपडे काढले, आणि ती बुजवण्याच्या खटपटीत मला जे समजले ते आपल्या भागातील पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल अशी खात्री वाटल्याने हा मजकूर पाठवीत आहे. विषय टबाचा असला तरी बेसिनची कड, स्वयंपाकघराच्या ओट्याचा कोपरा आणि कमोडचा पाया यांनाही तो बहुतांशी लागू पडतो, म्हणून घरात टब नसलेल्या वाचकांनीही पुढे वाचावे.

लातूरसारख्या गावात टब बसवणे हा चेष्टेचा विषय होतो, आणि तो व्हावाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने ज्या शहराला पाणी आणावे लागले, त्या शहरातील निवृत्त शिक्षकाने वरच्या मजल्यावर पाच फुटी टब का बसवावा, हा शेजाऱ्यांचा प्रश्न रास्तच होता. पत्नीच्या गुडघ्यांना कोमट पाण्याच्या शेकाने आराम पडतो, एवढेच त्यामागचे कारण होते. प्रत्यक्षात मात्र टबाचा उपयोग शेकापेक्षा साठवणीसाठीच अधिक झाला. नळाला पाणी येण्याच्या दिवशी टाकी, पिंप, घागरी भरून झाल्या की टबही काठोकाठ भरायचा, आणि पुढची पाळी येईपर्यंत तो बादली-बादलीने रिकामा करायचा, अशी घराची रीत पडून गेली. मराठवाड्यातील ज्या घरांत टब आहेत, त्यांतील कित्येकांचे हेच होत असेल.

फट पुन्हा पुन्हा उघडण्याचे मूळ नेमके या रीतीत होते, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला. आमच्या टबात सुमारे दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे भरलेल्या टबावर दोनशे किलोंचा भार येतो, आणि माणूस आत बसला तर त्यात आणखी साठ-सत्तर किलोंची भर पडते. ॲक्रिलिकचा टब पायांवर उभा असतो आणि त्याचा पत्रा लवचिक असतो. भार आला की त्याची कड भिंतीपासून किंचित खाली ओढली जाते, आणि टब रिकामा झाला की ती पुन्हा वर येते. भिंत जागची हलत नाही, टब हलतो, आणि मधला सांधा दर पाळीला एकदा ताणला जाऊन एकदा दाबला जातो. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया पुरेसा खोल नसलेल्या घरांच्या भिंतीही ऋतूगणिक थोड्या हलतात, हे मराठवाड्यात घर बांधलेल्या कोणालाही सांगायला नको. सारांश असा की टब आणि भिंत यांच्यामधला सांधा हलता आहे, आणि हलत्या सांध्यात कडक वस्तू टिकत नाही.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा तिथे पांढरा सिमेंट भरला होता. मिस्त्री माझेच जुने विद्यार्थी, हात अत्यंत सफाईदार, आणि फरशीच्या दोन तुकड्यांमधल्या दरजा त्यांनी अशा भरल्या आहेत की आजही बोट फिरवले तर खाच लागत नाही. तेव्हा पुढे जे लिहीत आहे त्यात त्यांच्या कसबाला उणेपणा देण्याचा हेतू नाही. "सर, एकदा भरलं की बघायचं काम नाही," असे ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या टाइल्सपुरते ते खरेही आहे, कारण एकाच पातळीतील शेजारच्या दोन टाइल्स एकमेकींपासून फारशा हलत नाहीत. परंतु जिथे एक पातळी संपून दुसरी सुरू होते, म्हणजे टब आणि भिंत, भिंत आणि जमीन, किंवा ओटा आणि भिंत जिथे मिळतात, तिथे पांढरा सिमेंट वाळताना आधीच आक्रसतो आणि नंतर पहिल्याच ताणाला केसाएवढी चीर देतो. दरजा भरायचा महागडा इपॉक्सी ग्राउट डाग धरत नाही आणि पाणी पीत नाही, पण तोही कडकच असल्याने अशा कोपऱ्यात त्याचीही गत काही काळाने तीच होते. चार महिन्यांत चीर पडली, पाणी टबामागून स्लॅबवर उतरले आणि श्रावणात खालच्या छताला पहिला डाग दिसला.

दुसऱ्या खेपेस आम्ही सिलिकॉन, म्हणजे ट्यूबेतून भरायचे आणि नंतर लवचिक रबर होणारे द्रव्य, आणले. दुकानदाराने फळीवरची पहिली हाताशी आलेली ट्यूब दिली, मिस्त्रींनी ती जुन्या पांढऱ्या सिमेंटवरूनच मारली, आणि न्हाणीघरात शिरताच मला प्रयोगशाळेची आठवण झाली. तो शिरक्याचा, म्हणजे ॲसिटिक आम्लाचा वास होता. एकतीस वर्षे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवल्याने तेवढे नाक तयार झाले आहे. तो वास आल्यावर तरी मी ट्यूब हातात घेऊन वाचायला हवी होती, पण वाचली ती चौथ्या दिवशी, सिलिकॉन बोटाला चिकटतच राहिले तेव्हा. तिच्यावरील वापराची मुदत संपून वर्ष उलटले होते. या ट्यूबा साधारण वर्ष ते दीड वर्ष चांगल्या राहतात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ठेवल्या तर तेवढ्याही राहण्याची हमी नाही. जुने झालेले सिलिकॉन बाहेर येते, दिसायला ताजेच दिसते, पण पिकत नाही, म्हणजे चिकट द्रवाचे रबर होत नाही.

आता त्या वासाविषयी, कारण निवड करताना सर्वांत मोठी गल्लत तिथेच होते. बाजारात मिळणारे सिलिकॉन मुख्यतः दोन तऱ्हेचे असते. एक पिकताना ॲसिटिक आम्ल सोडते, ते स्वस्त असते, काचेला, चकाकीच्या टाइलला आणि चिनी मातीच्या भांड्याला घट्ट धरते. दुसरे उदासीन, ज्याच्या वेष्टनावर 'न्यूट्रल' असे लिहिलेले असते. त्याला तो शिरक्याचा वास नसतो, ते थोडे महाग पडते आणि पिकायलाही बहुधा थोडा अधिक वेळ घेते. चुनखडीच्या दगडावर आम्ल टाकले की फेस येतो, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. आपल्याकडच्या न्हाणीघरांत जी शहाबादी फरशी घालतात ती चुनखडीचाच दगड आहे, कोटाही तोच, आणि संगमरवर तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचाच सोयरा आहे. सिमेंट आणि गिलावा हेही अल्कधर्मी. अशा पृष्ठभागावर आम्लाचे सिलिकॉन लावले की आम्ल आणि चुना यांची क्रिया होऊन मध्ये भुकटीचा पातळ थर तयार होतो, आणि सिलिकॉन दगडाला धरण्याऐवजी त्या भुकटीला धरते. काही महिन्यांत ते सोललेल्या सालीसारखे अख्खे निघून हातात येते. आमचे दुसऱ्या खेपेचे काम मुदतीतल्या ट्यूबेने केले असते तरी जुन्या सिमेंटवर ते टिकले नसते, हे त्यामुळे माझ्या लक्षात आले. आरशाच्या मागे आणि पितळी किंवा जस्ताच्या मुलाम्याच्या नळसामानाला लागूनही आम्लाचे सिलिकॉन वापरू नये, कारण ते आरशाचा मागचा लेप आणि धातू दोन्ही खाते.

तेव्हा शहाबादी किंवा संगमरवराला लागून काम असेल तर उदासीन सिलिकॉन घ्यावे, आणि संगमरवरासाठी तर दगडाला तेलकट डाग पाडत नाही असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावे. टब ॲक्रिलिकचा आणि भिंतीला चकाकीची टाइल असेल तर दोन्हींपैकी कोणतेही चालते. मात्र ते 'सॅनिटरी' प्रतीचे असावे, म्हणजे त्यात बुरशी रोखणारे द्रव्य मिसळलेले असते. साधे सिलिकॉन खिडकीच्या काचेला ठीक आहे, पण न्हाणीघरात ते वर्षभरात काळे पडते. दुकानात ॲक्रिलिकचे सीलंट, म्हणजे फट बुजवायचे द्रव्य, हेही तशाच नळकांड्यात मिळते. ते पाण्याने धुता येते, त्यावर रंग बसतो, भिंतीच्या चिरांना आणि दाराच्या चौकटीच्या फटीला ते उत्तम आहे, पण सतत ओल्या राहणाऱ्या जागी ते घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. उलट सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून रंगाऱ्याच्या आधी ते मारून मोकळे होण्याची घाई करणाऱ्यांना नंतर पस्तावावे लागते. नळाच्या पाइपाला लावायची दोन गोळ्या मळून केलेली कडक पुटी टबाच्या कडेला चोपडलेलीही मी पाहिली आहे. तिच्याविषयी वर कडकपणाबद्दल लिहिले त्याहून वेगळे काही लिहायला नको.

तिसऱ्या खेपेचे काम मी आणि मिस्त्रींनी मिळून केले, आणि त्यातला तीन चतुर्थांश वेळ सिलिकॉन लावण्यात नव्हे, तर जुने काढण्यात गेला. पिकलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही, ही गोष्ट जितक्या वेळा सांगावी तितकी थोडी, कारण वरून आणखी एक पट्टी ओढून काम उरकण्याचा मोह सर्वांनाच होतो. आम्ही पात्याने दोन्ही बाजूंनी कापून जुने काढले. टबाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्या बाजूला लोखंडी पात्याऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरली, आणि खालचा पांढरा सिमेंट टोकदार हत्याराने कोरून फटीची रुंदी सर्वत्र सहा मिलिमीटर केली. फट मुद्दाम रुंद करावी हे ऐकून मिस्त्री चकित झाले, पण त्यात गणित आहे. चांगल्या प्रतीचे सिलिकॉन आपल्या रुंदीच्या सुमारे पावपट ताण सोसते, म्हणजे सहा मिलिमीटरच्या सांध्याला दीड मिलिमीटर हालचाल परवडते, तर दोन मिलिमीटरच्या सांध्याला केवळ अर्धा. टबाची कड भरताना आणि उपसताना मी पट्टी धरून मोजली तेव्हा ती एक मिलिमीटरच्या आसपास खाली-वर होत होती. बारीक फट नेटकी दिसते, पण तिच्यात ताण सोसणारे रबर उरत नाही. फट फार खोल असेल तर तळाशी फोमची गोल दोरी, जिला दुकानात बॅकर रॉड म्हणतात, दाबून बसवावी. त्याने सिलिकॉन वाया जात नाही, आणि ते केवळ दोन्ही बाजूंना धरते, तळाला चिकटत नाही, ज्यामुळे ते मोकळेपणी ताणले जाऊ शकते.

बोअरच्या पाण्याचे क्षार हा आपल्याकडचा आणखी एक उपद्व्याप. टाइलवर जो पांढरट खरवड चढतो त्यावर सिलिकॉन धरत नाही, म्हणून तो लिंबाच्या रसाने किंवा पातळ शिरक्याने काढून स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो. बाटलीतले जळजळीत ॲसिड ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. ते दरजांमधला सिमेंट खाते, शहाबादीवर पांढरे चट्टे पाडते, आणि बुरशी घालवण्यासाठी आधी ब्लीच वापरले असेल तर त्या दोघांच्या संयोगाने क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे या दोन वस्तू एका दिवशी एका जागी आणूच नयेत. धुऊन झाल्यावर आम्ही दोन दिवस न्हाणीघर बंद ठेवले, पंखा लावला, आणि शेवटी फटीच्या दोन्ही कडा स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि आमच्या सगळ्या त्रासाचे उत्तर तीच होती. सिलिकॉन भरण्यापूर्वी टब पाण्याने भरावा. भाराने कड खाली बसून फट सर्वांत रुंद होते, त्या स्थितीत सिलिकॉन भरून ते पिकू द्यावे, आणि मगच पाणी सोडावे. असे केले की पुढे टब रिकामा होताना सिलिकॉन फक्त दाबले जाते, भरताना मूळ आकाराला येते, आणि त्याच्यावर ओढ पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आमच्या कामाची तारीख त्यामुळे पंचांगावर नव्हे, नळाच्या पाळीवर ठरली. पाणी आले त्या दिवशी फटीला थेंब लागू न देता टब भरला, आणि कोपऱ्यापर्यंत हात पोचेना म्हणून मी धोतर खोचून त्या पाण्यात उभा राहिलो. पत्नीने दारातून एक वाक्य टाकले, ते इथे छापण्याजोगे नाही.

कामाची रीत सोपी आहे. फटीच्या वर आणि खाली, दोन-तीन मिलिमीटर सोडून, कागदी चिकटपट्टी सरळ लावावी. ट्यूबेचे नोझल फटीच्या रुंदीइतकेच, पंचेचाळीस अंशांच्या तिरप्यात कापावे. मोठे कापले की पुढचे सगळे बिघडते. गन, म्हणजे ट्यूब दाबायचे बंदुकीसारखे हत्यार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्यावी आणि लगेच, म्हणजे पाच-दहा मिनिटांत वरची साय धरण्याआधी, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकाच ओढीत दाबून घ्यावे. काही कारागीर बोटाला थुंकी लावतात. ते टाळावे, सिलिकॉनमधली बुरशीनाशके पोटात जाण्यासाठी नसतात. सिलिकॉन ओले असतानाच चिकटपट्टी ओढून काढावी, वाळू दिली तर ती कडा फाडून बरोबर घेऊन येते. सुमारे तीनशे मिलिलिटरच्या एका ट्यूबेत सहा मिलिमीटर रुंद आणि तितकाच खोल असा आठ मीटरचा सांधा भरतो, म्हणजे भिंतीला तीन बाजूंनी लागलेला टब भरून बेसिनलाही पुरते.

पिकण्याच्या बाबतीत मराठवाड्याची हवा थोडी उलटी वागते, हे मुद्दाम लिहायला हवे. सिलिकॉन वाळत नाही. हवेतली वाफ शोषून ते बाहेरून आत पिकत जाते, दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाफच कमी असल्याने, उन्हात कपडे पाऊण तासात वाळतात तरी सिलिकॉन मात्र रेंगाळते, आणि 'ऊन आहे, संध्याकाळपर्यंत होईल' हा हिशेब साफ चुकतो. पावसाळ्यात ते चटकन पिकते, परंतु तेव्हा फट आतून कोरडी मिळत नाही. आम्ही कार्तिकात केले आणि सहा मिलिमीटरच्या खोलीसाठी तीन दिवस टबाला हात लावला नाही. त्या तीन दिवसांत भरलेल्या दोनशे लिटरांना हात न लावण्याचा संयम घरातील सर्वांनी कसा पाळला, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

हे सर्व करूनही खालच्या छताला ओल येत असेल, तर दोष सांध्याचा नसण्याची शक्यता आधी तपासावी. टब भरून पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि एक दिवस ठेवावा. आपल्या उन्हाळ्यात थोडी पातळी बाष्पीभवनाने घटतेच, पण बोटभर घटली तर गळती टबाच्या निचऱ्याच्या जोडात आहे. पातळी जागेवर असेल, तर मगने फक्त भिंतीवर आणि कडेवर पाणी मारून खाली पाहावे. स्लॅबमधलाच जलरोधक थर फाटला असेल तर वरून कितीही सिलिकॉन ओतले तरी उपयोग नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले त्या मुद्द्याकडे येतो. वर लिहिलेल्यापैकी निम्म्याहून अधिक गोष्टी, म्हणजे कोणत्या पृष्ठभागावर लावू नये, जुने पूर्ण काढावे, किती तास पाणी लावू नये आणि वापराची मुदत कधी संपते, त्या ट्यूबेवरच छापलेल्या होत्या. त्या इंग्रजीत, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत होत्या. ज्या हातात गन असते त्या हाताच्या धन्याला त्या वाचता येत नाहीत, ज्याला वाचता येतात तो घरमालक ट्यूब हातात घेत नाही, आणि दुकानदार ती केवळ फळीवरून उतरवून देतो. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो, आणि त्याशिवाय अन्य भाषेत छापायला कोणतीही आडकाठी नाही. साबण, बिस्किटे आणि बियाण्यांच्या पिशव्या यांवर मराठी येऊ शकते, तर महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बांधकामाच्या ट्यूबेवर चार ओळी मराठी का येऊ नये? निर्मात्यांनी एवढे केले तर उत्तमच. तोवर आपल्या शहरांतील हार्डवेअरच्या दुकानदारांनी काउंटरवर एक पुठ्ठा टांगावा, ज्यावर 'शहाबादी, संगमरवर आणि सिमेंटला न्यूट्रल. टब, टाइल आणि बेसिनला सॅनिटरी. मुदत पाहून घ्या' एवढेच लिहिलेले असावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्लंबर आणि गवंडी अभ्यासक्रमांतील निदेशकांनी या हलत्या सांध्याचा एक तास प्रात्यक्षिकासह घ्यावा, अशीही विनंती आहे. मी निवृत्त आहे, मला बोलावल्यास विनामोबदला येईन आणि चुन्याच्या दगडावर शिरका टाकून दाखवीन.

आमच्या मिस्त्रींनी आता नव्या कामावर जाताना ट्यूबेवरील तारीख मुलाकडून वाचून घेण्याची सवय लावून घेतली आहे. आमच्या टबाच्या डाव्या कोपऱ्यात मात्र गेल्या महिन्यापासून दोन बोटांएवढा काळा डाग दिसू लागला आहे, कारण तिथे साबणाची वडी ठेवली जाते. पुढच्या पाळीला टब भरला की तेवढाच भाग कापून पुन्हा भरणार आहे, आणि वडीसाठी वेगळी जाळी भिंतीला ठोकली आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, लातूर